काचेपलीकडचा वकील

दिलीपराव देशिंगकरांनी आयुष्यभर वकिली केली ती एका वाक्यावर. ‘तोंड उघडू नकोस.’ अशील खिसेकापू असो, बँकेचा मॅनेजर असो, नाहीतर शेजाऱ्याचं झाड तोडलं म्हणून पकडून आणलेला पेन्शनर असो, सल्ला हाच. येरळा नदीकाठच्या त्या तालुक्याच्या गावात त्यांचं नावच ‘गप्पबसे वकील’ पडलं होतं. त्यांना त्याचा राग नव्हता. उलट लग्नाकार्यात कुणी ओळख करून देताना अडखळला, तर तेच मदतीला यायचे. “गप्पबसे म्हणा हो, कुणाला देशिंगकर आठवत नाही.”

त्यांची मुलगी ऋतुजा त्याच गावच्या पोलीस ठाण्यात इन्स्पेक्टर होती. वकील बापाच्या गावात पोलीस लेकीची नेमणूक करू नये, अशी साधी रीत आहे. पण ती बदलीवर आली तोवर दिलीपरावांकडे, म्हणजे तिच्या अण्णांकडे, अशीलच उरले नव्हते. त्यामुळे हरकत घ्यायला कुणाला कारण राहिलं नव्हतं.

अण्णांचे अशील नेले होते कानवकिलाने.

त्याचं सरकारी नाव ‘विधीसाथी’, पण ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. ज्वारीच्या दाण्याएवढा एक मणी कानात आणि मानेवर चिकटवायची पातळ पट्टी, एवढंच ते यंत्र. आपण मनातल्या मनात शब्द जुळवतो तेव्हा घशाचे स्नायू किंचित हलतात, अगदी आवाज न काढताही. ती हालचाल पट्टी टिपायची, तिचे शब्द करायची आणि मणी कानात उत्तर द्यायचा. समोर बसलेल्या फौजदाराला काही ऐकू जायचं नाही. आत साऱ्या देशाचा कायदा, लाखो खटल्यांचे निकाल आणि कधी न थकणारी बुद्धी.

हे आणायला कारणही तसंच होतं. कायद्याने आरोपीला चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क दिला होता, पण चौकशीभर वकिलाला शेजारी बसवण्याचा नव्हता. वकिलाने लांब बसायचं, जिथून अशील दिसेल पण बोलणं ऐकू येणार नाही. ऋतुजाच्या ठाण्यात त्यासाठी चौकशीच्या खोलीला एक मोठी काच बसवली होती आणि काचेपलीकडे एक लाकडी बाक. अण्णांची पंचवीसेक वर्षं त्या बाकावर गेली. अशील आतून केविलवाणं बघायचा, अण्णा बाहेरून ओठांवर बोट ठेवायचे. ज्यांना वकील परवडत नव्हता त्यांना तर तेवढंही मिळत नव्हतं. कानवकील मात्र सगळ्यांना फुकट आणि पूर्ण वेळ. त्यामुळे ठाण्यात मारहाण थांबली, खोटे जबाब थांबले, ही गोष्ट अण्णाही मान्य करायचे. जेवताना, तोंड वाकडं करून.

कानवकिलाची स्मृती सीलबंद होती. आरोपीने त्याला काय सांगितलं हे पोलिसांना सोडा, न्यायाधीशांनाही उघडता येत नव्हतं. भल्याभल्यांनी ते सील फोडायचा प्रयत्न केला आणि हात टेकले. ऋतुजाने सीलला हातसुद्धा लावला नाही. तिने फक्त एक गोष्ट लक्षात घेतली.

कानवकील अतिशय चांगला वकील होता, आणि तो प्रत्येकाला त्याच्या हिताचा सल्ला द्यायचा. ज्या प्रश्नाचं उत्तर देऊन अशिलाचा फायदा होणार, तिथे तो म्हणायचा, मोकळेपणाने बोला. जिथे खरं उत्तर अडचणीचं, तिथे म्हणायचा, गप्प राहा. औषधाच्या दुकानातून कोण काय घेऊन गेलं हे कळलं की त्याच्या घरी काय आजार आहे ते ओळखता येतं, चिठ्ठी वाचावी लागत नाही. तसंच हे. सल्ला खऱ्या हकिकतीवर बेतलेला असेल, तर सल्ल्यावरून हकिकतीकडे उलटं चालत जाता येतं.

म्हणून ऋतुजा खूप प्रश्न विचारायची, बारीकबारीक आणि एकमेकांना चिकटून. चौकात होतास का? होतो. पानपट्टीपर्यंत गेलास का? गेलो. पानपट्टीमागच्या बोळात? आणि इथे आरोपी म्हणायचा, ‘सल्ल्यानुसार या प्रश्नाला उत्तर देणार नाही.’ मौनाला पुरावा मानायची कायद्यात सोय नव्हती आणि ऋतुजा ते मानतही नव्हती. ती फक्त हवालदाराला बोळात पाठवायची. बोळात काहीतरी सापडायचंच.

या पद्धतीवर तिला पदक मिळालं. पोलीस अकादमीत तिची व्याख्यानं झाली. राज्यभरचे अधिकारी वह्या घेऊन बसले.

अण्णांना तिने हे एकदा कौतुकाने समजावून सांगितलं. त्यांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

“म्हणजे तुमचं ते यंत्र हुशार आहे म्हणून अशील सापडतो.”

“हो.”

“माझ्या लहानपणी बाजारपेठेत एक कंपाउंडर होता. ताप असो, खोकला असो, पोट दुखो, सगळ्यांना एकच लाल पाणी द्यायचा. आजार कुणाचा बरा व्हायचा नाही. पण बाटलीवरून आजार ओळखून दाखव बघू कुणाचा.”

ऋतुजा हसली. म्हातारा माणूस, धंदा बुडालेला, बोलणारच, असं तिला वाटलं आणि तिने त्यांना आमटी वाढली.

सोमनाथ झारेची चौकशी तिने याच पद्धतीने केली होती. सोमनाथ झारेकरी होता. सराफकट्ट्यावरच्या दुकानांचा केर आणि गटारातली माती धुऊन, चाळून त्यातले सोन्याचे कण काढणं हा त्याचा पिढीजात धंदा. सराफकट्ट्यावर एका पेढीची तिजोरी फुटली आणि चौकशीला बोलावलेल्यांत तोही आला. पेढी कुठे आहे ठाऊक आहे का? आहे. त्या दिवशी सराफकट्ट्यावर गेला होता का? गेलो होतो. पेढीच्या मागच्या बाजूला? सोमनाथने मान खाली घातली. “सल्ला हाय, न्हाई सांगायचं.” मागच्या बाजूला त्याचा खराटा सापडला. सोनं सापडलं नाही, पण खराटा, त्याचं मौन आणि ऋतुजाची ख्याती एवढं जामीन नाकारायला पुरलं. खटला उभा राहायची वाट बघत तो कारागृहात बसला होता.

आणि मग एका उन्हाळ्यात ठाण्याच्या मुद्देमालाच्या खोलीतून एका दुसऱ्याच गुन्ह्यात जप्त केलेली सोन्याची लगड नाहीशी झाली. कोर्टात पाकीट उघडलं तर आत जळका मोबाइल निघाला. खोलीची किल्ली फक्त इन्स्पेक्टरकडे. ऋतुजाला निलंबित केलं आणि जिल्ह्याहून उपअधीक्षक रफिक तडवी तिच्याच ठाण्यात तिची चौकशी करायला आले. आरोप सिद्ध झाला तर नोकरी जाणार होती आणि तिनेच ज्यांना पाठवलं त्यांच्या शेजारच्या बराकीत तिला जावं लागणार होतं.

तडवी सभ्य माणूस. अकादमीत तिच्या व्याख्यानाला पहिल्या रांगेत बसला होता आणि शेवटी प्रश्नही विचारला होता. चांगला प्रश्न होता, एवढं तिला आठवत होतं.

शेजारच्या लहान खोलीत तिला बसवलं आणि कानवकील दिला. तिने मणी कानात घातला, पट्टी मानेवर लावली आणि आवाज न काढता सगळं सांगितलं. लगड तिने घेतली नव्हती. पण मुद्देमालाच्या खोलीची किल्ली तिने स्वतःजवळ ठेवली नव्हती. कोर्टात जाताना ती किल्ली हवालदार चौगुल्यांच्या हातात देऊन जायची. आधीचे इन्स्पेक्टर देत, ती पण देत आली. नाहीतर रोज पाकिटं काढायला-ठेवायला तिलाच ठाण्यात बसून राहावं लागलं असतं. नियमाप्रमाणे हा गुन्हा होता.

“समजलं,” कानात आवाज आला, शांत आणि आपुलकीचा. “आपण निर्दोष आहात. बहुतेक सगळ्या प्रश्नांना मोकळेपणाने उत्तरं द्या, त्याने लवकर सुटका होईल. फक्त किल्ली कुणाकडे होती, या प्रश्नाला गप्प राहा.”

‘आणि त्याचा तडवी काय अर्थ लावतील?’

“मौनाचा अर्थ लावायला कायद्यात परवानगी नाही.”

ऋतुजाला त्याही स्थितीत हसू आलं. सगळं सांगितलं आणि नेमकं किल्लीवर तोंड मिटलं, म्हणजे सोनं हिनेच नेलं, हे तडवींना तिनेच तर शिकवलं होतं. लाल शाईने अधोरेखित करायला लावलं होतं.

‘मग सगळ्याच प्रश्नांना गप्प राहते.’

“तो सल्ला मी देऊ शकत नाही. त्यात आपलं नुकसान आहे. आपल्या हिताविरुद्ध बोलायची मला मुभा नाही.”

ती विचार करत बसली. यंत्राने सांगितलं नाही म्हणून काय झालं, आपण आपल्या जिवावर गप्प बसू शकतोच की. पण इतकी वर्षं प्रश्न विचारण्यात गेल्यामुळे तिला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. एकटा माणूस पूर्ण गप्प बसूच शकत नाही. ‘तुम्ही खून केला का’ याला बसेलही, पण ‘जेवलात का’ याला तो हमखास फसतो. गप्प बसायलाही समोर आपलं कुणीतरी लागतं. तिने मणी काढून टेबलावर ठेवला आणि दारातल्या शिपायाला सांगितलं, “मला माणूस वकील पाहिजे. तो हक्क अजून कायद्यात आहे. माझ्या वडिलांना फोन लावा.”

अण्णा आले ते काळा कोट घालूनच. इतक्या दिवसांनी पेटीतून काढलेल्या कोटाला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. भेटीला थोडा वेळ दिला होता. ऋतुजा त्यांचा हात धरून घाईघाईने बोलायला लागली.

“अण्णा, मी ती लगड घेतलेली नाही. झालं असं की...”

“मला काही सांगू नकोस.”

“अहो, पण ऐका तरी.”

“मी विचारलं का तुला काही?”

जगातल्या सगळ्यांनी संशय घ्यावा, पण बापाला एवढंही ऐकायचं नसावं? ती म्हणाली, “तुम्हाला जाणून घ्यायचं नाही, तुमची मुलगी चोर आहे की नाही?”

अण्णांचा चेहरा क्षणभर पार उतरला. मग त्यांनी कोटाची बटणं लावली. “बाप म्हणून जीव तुटतोय, ऋतू. पण मला कळलं की ते माझ्या तोंडावर दिसणार. काचेतून दोन्हीकडून दिसतं. मी बाहेर बसतो. तुझ्या समोर कुणाचे ओठ हलले की माझ्याकडे बघ, एवढंच.”

“आणि तोंड उघडू नको.”

“तुला पाठ आहे की,” ते म्हणाले.

अण्णा बाकावर जाऊन बसले. बाकाची मधली फळी त्यांच्याच वजनाने खोलगट झालेली होती. आत तडवींनी कागद पुढे ओढले.

“मॅडम, नोंदीसाठी विचारतो. आपलं पूर्ण नाव?”

ऋतुजाने काचेकडे बघितलं. अण्णांना काही ऐकू येत नव्हतं. त्यांनी ठामपणे मान नकारार्थी हलवली. ती गप्प बसली.

तडवी किंचित चमकले. “बरं. नोकरी किती वर्षं झाली?”

काचेपलीकडे मान हलली.

“त्या दिवशी आपण कोर्टात होतात?”

मान हलली. याचं उत्तर तिच्या फायद्याचं होतं, कोर्टात शंभर माणसांनी तिला बघितलं होतं. जिभेच्या टोकावर आलेलं ‘होय’ तिने गिळलं.

“मुद्देमालाच्या खोलीची किल्ली कुणाकडे असते?”

मान हलली, आधीइतकीच, तसूभरही कमीजास्त नाही. तडवींची नजर अण्णांच्या चेहऱ्यावर होती. तिथे काही वाचायला मिळत नव्हतं, कारण तिथे काही लिहिलेलंच नव्हतं. ज्याला प्रश्न ऐकू येत नाही आणि उत्तर ठाऊक नाही, त्याच्या सल्ल्यावरून उलटं चालत जाऊन माणूस पोचणार कुठे? ऋतुजाला तो लाल पाण्याचा कंपाउंडर आठवला. त्या काचेचा तिने वर्षानुवर्षं तिरस्कार केला होता, बिचाऱ्या वकिलांना मुद्दाम बहिरं करणारी काच म्हणून. आज तेच बहिरेपण तिच्याभोवती भिंतीसारखं उभं होतं.

तडवी चिवट होते. त्यांनी प्रश्न बारीक केले, मग मोठे केले, मग गप्पांसारखे केले. पंखा कमी करू का? मान हलली. चहा आला. “चहा तरी घ्या, मॅडम.” त्यांचे ओठ हललेले अण्णांनी बघितले आणि मान हलवली. ऋतुजाला चहाची तलफ अशी आली होती की डोकं दुखत होतं. चहा निवला, त्यावर साय धरली आणि तो तसाच परत गेला.

शेवटी तडवींनी पेन खाली ठेवलं. काचेकडे बोट दाखवून अगदी घरगुती आवाजात ते म्हणाले, “ते आपले वडील ना?”

हा प्रश्न कसलाच नव्हता. साऱ्या गावाला उत्तर माहीत होतं. ऋतुजाने वळून बघितलं. काचेपलीकडे अण्णा अवघडून बसले होते, उकाड्याने घामाघूम, म्हातारे. त्यांनी बघितलं की ओठ हलले आणि त्यांनी नेहमीसारखी मान हलवली, नाही म्हणून. ऋतुजाचे डोळे भरून आले. आयुष्यात कुठल्याच प्रश्नाला तिला इतक्या ओरडून ‘हो’ म्हणावंसं वाटलं नव्हतं. ती गप्प बसली.

तडवींनी कागदांची चळत सारखी केली. “मॅडम, तुम्ही आम्हाला शिकवलेलं सगळं आज फुकट गेलं,” ते म्हणाले. “आता मला चोर शोधावा लागणार. जुन्या पद्धतीने.”

जुनी पद्धत म्हणजे पाय झिजवणं. तडवींनी मुद्देमालाच्या खोलीतलं प्रत्येक पाकीट बाहेर काढलं. पांढऱ्या मांजरपाटात शिवलेली, लाखेचं लाल सील मारलेली ती पाकिटं एकमेकांसारखीच, फरक फक्त वर चिकटवलेल्या चिठ्ठीचा. काही चिठ्ठ्यांच्या कडा खाल्लेल्या दिसल्या. तडवींनी चौगुल्यांना बोलावलं. चौगुले रडकुंडीला आले.

“साहेब, डिंक संपला हुता. म्हणून म्या घरनं गव्हाच्या पिठाची खळ करून आणली. ती झुरळांनी खाल्ली. सकाळी बघतो तर चिठ्ठ्या खाली. म्या आपल्या अंदाजानं परत चिकटवल्या.”

सोन्याची लगड सापडली ती सरकारी प्रयोगशाळेच्या कपाटात. जळक्या मोबाइलची तपासणी करा, अशी चिठ्ठी लावून ती ठाण्यातूनच रीतसर पाठवलेली होती. पाकीट उघडायची अजून पाळी आली नव्हती.

ऋतुजाचं निलंबन उठलं. त्याच दिवशी तिने तडवींना किल्लीची गोष्ट आपण होऊन सांगितली. तडवींनी ऐकून घेतलं आणि लेखी ताकीद दिली. जाताना दारात थांबून ते म्हणाले, “हे तुम्ही त्या दिवशी सांगितलं असतं, किंवा फक्त तेवढंच सांगितलं नसतं, तर मी प्रयोगशाळेकडे बघितलंही नसतं. माझी खात्री झाली असती.”

ते वाक्य ती घरी घेऊन आली. अण्णा ओट्यापाशी उभे राहून पोहे परतत होते. आता तिने त्यांना सगळं सांगितलं, किल्लीसकट. त्यांनी एकदाच डोळे पुसले आणि कांदा झोंबला म्हणाले. कांदा केव्हाच चिरून झाला होता.

“अण्णा, सोमनाथ झारेचं वकीलपत्र घ्याल?”

“मी? यंत्र असताना मला कोण विचारतं.” त्यांनी झाकण ठेवलं. “घेईन. पण माणूस गप्प बसणारा आहे का? माझी अट माहीत आहे तुला.”

“तो गप्पच बसला होता,” ऋतुजा म्हणाली. “एका प्रश्नाला. तेवढ्यावरच मी त्याला आत टाकलं.”

अण्णांनी गॅस बारीक केला.

“पेढीमागच्या गल्लीतल्या गटाराच्या मातीचा ठेका यंदा दुसऱ्याला गेलाय. मी आज चौकशी केली. ती माती सोमनाथची नव्हती, म्हणजे उचलली तर चोरीच. यंत्राने त्याला त्याच्या हिताचंच सांगितलं. त्याचं मौन घमेलंभर गाळाचं असणार आणि मी ते तिजोरीला लावलं. तिथे काहीतरी आहे एवढंच मौन सांगतं, काय आहे ते सांगत नाही. माझ्या किल्लीसारखं.” तिने श्वास घेतला. “हे मी कोर्टात सांगितलं तर पदक गेलं, पद्धत गेली. तिच्यावर पकडलेला राज्यातला प्रत्येक जण उद्या दारात उभा राहील. खात्यातलं कुणी माझ्याशी बोलणार नाही.”

“नाही बोलणार.”

“तुम्ही वकील आहात. मी काय करू?”

पोह्यांना वाफ आली होती. अण्णांनी गॅस बंद केला, फडक्याला हात पुसले आणि खुंटीवरचा काळा कोट खाली काढला. कोट अंगावर चढवून त्यांनी तिच्याकडे बघितलं. जन्मभर शेकडो माणसांना त्यांनी एकच सल्ला दिला होता, दुसरा कधी सुचलाच नव्हता.

“बोल,” ते म्हणाले.